पाळण्यातलं रक्त

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं. त्यावर काचेच्या नळ्यांचा स्टँड, कापूस, स्पिरिटची बाटली आणि रजिस्टर. सिस्टर मुलाच्या बोटाला टोचतात, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रवात सोडतात, हलवतात आणि पाच मिनिटं थांबतात. मग नळी एका कागदापुढे धरतात. कागदावर काळ्या रेघा मारलेल्या असतात. नळीतून रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रजिस्टरमध्ये खूण होते, दंडातून आणखी रक्त घेतलं जातं आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी पुढच्या तपासणीला जातं.

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, मेळघाट किंवा नंदुरबारकडच्या माणसाला हे चित्र वेगळं सांगायला नको. ही सिकलसेल या रक्ताच्या, आईबापांकडून येणाऱ्या आजाराची पहिली चाचणी. आरोग्य कर्मचारी तिला नुसतं 'सोल्युबिलिटी' म्हणतात.

अशाच एका शिबिरात एक बाई आली होती. चार वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट आधीच आलेला, 'एसएस' म्हणजे आजार असलेला. कडेवर तीन महिन्यांची मुलगी. ती म्हणाली, "इची बी करून घ्या नं मॅडम." सिस्टर म्हणाल्या, "हिची नळी आत्ता नाही करता येत गं. सहा महिन्यांची होऊ दे." बाईला ते काही पटलं नाही. आजार असलाच तर तो जन्मापासूनच असणार. मग तो आज रक्तात का दिसू नये?

प्रश्न अगदी बिनतोड होता. या आजारावर आज जे सर्वांत प्रभावी उपाय आहेत, त्यात काही रुपयांची कॅप्सूल आहे आणि अठरा कोटींची जनुक-उपचार पद्धतही आहे. दोन्ही याच प्रश्नाच्या उत्तरावर उभ्या आहेत. तो धागा नीट उलगडून पाहण्यासारखा आहे.

आधी नळीत काय होतं ते बघू.

रक्तातली तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिननं गच्च भरलेली पिशवी. एका पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी ही १४६ मण्यांची माळ समजा. सिकलसेलमध्ये यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. तिथे ग्लुटामिक आम्ल असायला हवं, त्या जागी व्हॅलीन येतं. जनुकाच्या भाषेत बोलायचं तर एक अक्षर चुकलेलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे. आजाराचं मूळ एका रेणूत असल्याचं त्याआधी कुठल्याच आजाराबाबत असं दाखवता आलं नव्हतं. नेमका कोणता मणी बदलला, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं.

एका मण्यानं एवढा घोळ का व्हावा? ग्लुटामिक आम्ल पाण्याशी जमवून घेणारं असतं. व्हॅलीन तेलकट, पाण्यापासून अंग चोरणारं. पोलक्याला टिचबटण असतं ना, तसं समजा. व्हॅलीन म्हणजे त्या बटणाचा वर आलेला भाग. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन धरून ठेवलेला असतो तोवर खोबणीचा भाग झाकलेला असतो. ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार जरा बदलतो, खोबण उघडी पडते आणि शेजारच्या रेणूचं बटण तिच्यात बसतं. त्याच्या खोबणीत तिसऱ्याचं बसतं. बघता बघता रेणूंचे कडक दोर तयार होतात आणि ते पेशीला आतून ताणतात. गोल, लवचीक पेशी लांबट आणि बाकदार होते, विळ्यासारखी. आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात. इंग्रजीतलं 'सिकल' म्हणजे तोच.

नळीतल्या द्रवात ऑक्सिजन काढून घेणारं रसायन असतं. थेंबातल्या पेशी त्यात फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येतं, ऑक्सिजन गमावतं आणि विरघळून राहण्याऐवजी त्याचे दोर आणि गोळे बनतात. म्हणून पाणी गढुळतं. मुलाच्या मनगटात, गुडघ्यात, पाठीच्या कण्यात दुखतं तेव्हा आत जे चाललेलं असतं, तेच सिस्टर नळीत करून दाखवत असतात.

यातला एक बारकावा फार मोलाचा आहे आणि तो रुग्णांच्या घरी फारसा कुणी समजावून सांगत नाही. ऑक्सिजन गेल्या गेल्या दोर बनत नाहीत, मध्ये थोडा वेळ जातो. रक्तपेशी सगळ्यात बारीक केशवाहिन्यांतून साधारण एका सेकंदात पार होते. दोर बनायला त्याहून जास्त वेळ लागला तर पेशी फुफ्फुसाकडे सुखरूप परत जाते, ऑक्सिजन मिळतो, बटणं सुटतात, काही बिघडत नाही. एसएस असलेल्या माणसाच्या बहुसंख्य पेशी प्रत्येक फेरीत अशाच निसटतात, म्हणून तर तो जगतो. सगळा खेळ या उसंतीचा आहे. आणि ही उसंत पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर ठरते. दाटपणा जरासा वाढला की उसंत कितीतरी पटींनी कमी होते.

डॉक्टर 'पाणी भरपूर प्या' म्हणतात ते एवढ्यासाठी. तो शिष्टाचाराचा सल्ला नाही. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी आक्रसते, आतला माल दाटतो आणि पेशी निसटायच्या आत दोर बनून जातात. तापात हेच होतं. थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, पेशी वाटेत रेंगाळते, तिथेही तेच. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाच्या उन्हात तेंदूपत्ता तोडायला गेलेला सिकलसेलचा पोरगा संध्याकाळी हाडं धरून विव्हळतो तो आळशी नाही. अशी मुलं 'कामचुकार' म्हणून बोलणी खात मोठी झालेली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. अडकलेल्या पेशींमुळे हाडाच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाचं होतं, तसंच त्याच्या हाडाचं झालेलं असतं.

वारंवार वाकून-सरळ होऊन पेशीचं कवच खराब होतं ते वेगळंच. साधी तांबडी पेशी १२० दिवस टिकते, ही जेमतेम १०-२० दिवस. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे.

आता वाहकांबद्दल थोडं, कारण इथे गैरसमज फार आहेत. 'एएस' असलेल्या माणसाला एक जनुक चांगला आणि एक चुकीचा मिळालेला असतो. त्याच्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिन निम्म्याहून जास्त असतं, दोर बनत नाहीत, तो रुग्ण नाही. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. आफ्रिकेत हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं. पिढ्यान्पिढ्या मलेरियाच्या रानात राहिलेल्या लोकांमध्ये हे जनुक टिकून राहिलं ते याच कारणानं. नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. हे जनुक आदिवासींपुरतं नाही, विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीय समाजांतही ते आहे.

नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. लोक याचा अर्थ लावतात की एक मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली. तसं नाही. डब्यात चार चिठ्ठ्या आहेत, एक काढली, वाचली आणि परत डब्यात टाकली. पुढच्या वेळी पुन्हा चारही चिठ्ठ्या आत असतात. दुसरा गैरसमज बायकांच्या जिवावर येतो, 'आईकडून आलं' हा. एसएस मुलाला एक चिठ्ठी आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते, एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही.

आता त्या तीन महिन्यांच्या मुलीकडे येऊ.

१९४८ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. नवजात बाळांचं रक्त तपासताना त्यांच्या लक्षात आलं की सिकलसेल असलेल्या बाळांच्या रक्तातही विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या दिसतात. आजार अंगात आहे, पण काही महिने तो बोलत नाही. त्यांनी तर्क बांधला की बाळाच्या अंगात पोटातलं जे वेगळं हिमोग्लोबिन असतं तेच त्याला राखत असावं. तेव्हा जनुक म्हणजे नेमकं काय हेही कुणाला नीट माहीत नव्हतं. तर्क अचूक निघाला.

आईच्या पोटात बाळाचा श्वास सुरू नसतो. त्याला ऑक्सिजन आईच्या रक्तातून ओढून घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या हिमोग्लोबिनची पकड आईच्यापेक्षा घट्ट लागते. त्यासाठी बीटाच्या जागी गॅमा नावाची साखळी असते. जन्मताना बाळाच्या रक्तात साधारण तीन चतुर्थांश हिमोग्लोबिन हे गर्भातलंच असतं. मग गॅमा हळूहळू बंद होते, बीटा सुरू होते आणि सहा महिन्यांच्या सुमाराला बदल बहुतेक पूर्ण होतो. मोठ्या माणसात गर्भाचं हिमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास उरतं.

सिकलसेलची चूक बीटामध्ये आहे. गॅमा चांगली आहे. आणि गॅमाच्या अंगावर ते टिचबटण बसतच नाही, त्यामुळे दोर बनता बनता मध्ये गॅमा आली की दोर तिथे तुटतो. म्हणून तीन महिन्यांच्या मुलीच्या थेंबानं नळी गढुळत नाही आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. सिस्टरचा नियम एवढ्यासाठी. मुलगी एसएस असलीच, तर तिच्या अंगात आज जे रक्त आहे तेच तिचं औषध आहे, आणि ते दर आठवड्याला कमी होत चाललंय. पुढे एक दिवस दोन्ही हातांचे पंजे किंवा पावलं टम्म सुजतात, बाळ हात लावू देत नाही. पुष्कळ घरांत आजाराची पहिली ओळख तीच असते.

गॅमा बंद होऊ न देता तशीच चालू ठेवली तर? निसर्गात असे लोक आहेतच. काही जणांमध्ये जन्मजात बदलामुळे गर्भाचं हिमोग्लोबिन आयुष्यभर भरपूर तयार होतं. अशा माणसाकडे सिकलसेलचं जनुक आलं तरी त्याला जवळपास काही त्रास होत नाही. भारत आणि पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांमध्येही गर्भाचं हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा सरासरीनं जास्त आढळतं. पण 'आपल्याकडचा आजार सौम्य असतो' असं त्यावरून कुणी सांगितलं तर ऐकू नका. विदर्भातल्या वॉर्डांत तडफडणारी मुलं मी पाहिली आहेत.

तर, गॅमा बंद कोण करतं? उत्तर मिळायला वॉटसन यांच्यानंतर साठ वर्षं गेली.

आपल्या गावांत नळयोजनेचा वॉलमन असतो. ठरल्या वेळी येतो, चावी फिरवतो, एका पेठेचं पाणी बंद, दुसरीचं सुरू. २००७-०८ च्या सुमाराला युरोपात आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावर हजारो लोकांचे जनुक-नमुने तपासले गेले. ज्यांच्यात मोठेपणीही गर्भाचं हिमोग्लोबिन थोडं जास्त राहतं, त्यांच्यात वेगळं काय आहे? बोट पडलं ते बीसीएल११ए नावाच्या जनुकावर. गॅमा आहे अकराव्या गुणसूत्रावर आणि हे जनुक दुसऱ्यावर, म्हणजे पार दुसऱ्या गल्लीत. २००८ मध्ये बॉस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या तरुण संशोधकानं दाखवलं की बीसीएल११ए हाच गॅमाचा वॉलमन आहे. त्याचं प्रमाण कमी केलं की गॅमा पुन्हा वाहू लागते. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या रक्तपेशी घडवणाऱ्या वंशात त्याला बंद केलं आणि उंदरांचा आजार गेला.

अडचण अशी की हा वॉलमन एकाच पेठेचं काम करत नाही. मेंदूच्या घडणीत आणि प्रतिकारशक्तीच्या काही पेशींतही त्याची गरज असते. त्याला कायमचं घरी बसवणं परवडणारं नाही. २०१३ मध्ये डॅनियल बावर, ऑर्किन आणि सहकाऱ्यांना यातून वाट सापडली. बीसीएल११ए जनुकाच्या आतच एक छोटा तुकडा आहे, आणि त्याचं काम म्हणजे फक्त तांबड्या पेशींच्या वंशात या वॉलमनला कामावर बोलावणं. तो तुकडा मोडला की तांबड्या पेशींत वॉलमन फारसा फिरकत नाही, बाकीच्या ठिकाणची त्याची ड्यूटी चालूच राहते. मला या सगळ्या गोष्टीतला हा सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. लाखो वर्षं जपलेल्या व्यवस्थेतला नेमका एक हुकूम शोधून काढायचा आणि बाकी कशालाही धक्का लावायचा नाही, याला फार धीर लागतो.

क्रिस्पर ही जनुक कापण्याची पद्धत २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी मांडली. त्यांना २०२० चं नोबेल मिळालं. ती कात्री नेमकी या तुकड्यावर चालवायची असं ठरलं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे यांच्यावर सिकलसेलसाठी हा उपचार झाला. तिथे हा उपचार घेणाऱ्या त्या पहिल्या रुग्ण. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटननं आणि ८ डिसेंबरला अमेरिकेनं १२ वर्षांवरच्या रुग्णांसाठी त्याला परवानगी दिली. नाव कॅसगेव्ही. क्रिस्परवर आधारलेला, परवानगी मिळालेला जगातला हा पहिला उपचार. चाचणीत पुरेसा काळ पाहता आलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जण सलग किमान वर्षभर तीव्र क्रायसिसविना, म्हणजे पेशी अडकून येणाऱ्या दुखण्याच्या झटक्याविना राहिले. वर्षातून कित्येकदा दवाखान्यात भरती होणाऱ्या माणसांबद्दल हे चाललंय.

तरी 'एक इंजेक्शन घेतलं आणि बरं झालं' असं वर्तमानपत्री चित्र मनात ठेवू नका. आधी औषध देऊन रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी रक्तात उतरवायच्या आणि यंत्रानं गोळा करायच्या, बऱ्याचदा एकाहून अधिक वेळा. त्या प्रयोगशाळेत जातात, तिथे कात्री चालते, कसून तपासणी होते. यात काही महिने जातात. मग जोरदार केमोथेरपीनं अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त घडवणारा गर, रिकामी करायची, म्हणजे दुरुस्त पेशींना राहायला जागा होते. केस जातात, तोंड येतं, जंतुसंसर्गाची भीती असते, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. चार-सहा आठवडे भरती. आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं १८ कोटींच्या वर. जगातले सर्वांत जास्त सिकलसेल रुग्ण आहेत आफ्रिकेत आणि आपल्याकडे.

भारतात यावर काम चालू आहे. दिल्लीतल्या सीएसआयआरच्या आयजीआयबी या संस्थेनं सिकलसेलसाठी स्वदेशी क्रिस्पर उपचार तयार केला असून बिरसा मुंडांच्या नावावरून त्याला 'बिरसा १०१' म्हटलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचा करार झाला. किंमत कमी ठेवणं हाच त्यामागचा उघड हेतू आहे. मला त्याची मनापासून आशा आहे. पण केमोथेरपी, निर्जंतुक खोली आणि महिनाभराची भरती काही कमी होणार नाही, आणि धानोऱ्याहून नागपूरला आईबापांनी महिनाभर मजुरी सोडून राहायचं कसं, याचा हिशेब कुणाला तरी मांडावा लागेल.

आणि म्हणून मला त्या दुसऱ्या, स्वस्त कॅप्सूलबद्दल जास्त बोलायचं आहे.

हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं औषध, काही रक्ताच्या कर्करोगांत वापरलं जायचं. १९८४ मध्ये दिसलं की सिकलसेलच्या रुग्णांना ते दिलं तर गर्भाचं हिमोग्लोबिन वाढतं. ते अस्थिमज्जेला अधूनमधून थोडं थोपवतं. मज्जा मग घाईनं नव्या पेशी घडवते आणि त्या घाईत जुन्या, पाळण्यातल्या तऱ्हेच्या, गॅमा असलेल्या पेशी जास्त बाहेर येतात. शिवाय पेशी थोड्या मोठ्या होतात, म्हणजे आतला दाटपणा कमी, उसंत जास्त. अठरा कोटींच्या कात्रीनं जो धागा ओढला, तोच धागा ही कॅप्सूल तीस वर्षं आधीपासून ओढते आहे, फक्त अर्धवट आणि रोज घेतली तरच.

१९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना वर्षात मध्यम मानानं ४.५ क्रायसिस, औषध घेणाऱ्यांना २.५. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्या मुलांना दर किलोला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे कमी मात्रेत हे औषध देऊन पाहिलं. तेवढ्यानंही क्रायसिस आणि रक्त चढवण्याची वेळ कमी झाली. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी आणि दुष्परिणामांची भीतीही कमी, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्यासाठी फार कामाचा आहे.

एक शंका मागे राहिली होती. मलेरियाच्या भागात हे औषध द्यावं का? त्यानं पांढऱ्या पेशी थोड्या कमी होतात, मग संसर्ग वाढला तर? गडचिरोलीसाठी हा पुस्तकी प्रश्न नव्हे. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या सहाशेवर मुलांच्या अभ्यासाचं उत्तर आलं. क्रायसिस कमी झाले, मृत्यू कमी झाले आणि मलेरियासुद्धा कमी झाला.

तरीही कॅप्सूल घरोघरी नियमित जात नाही. 'कॅन्सरची गोळी आहे' असं कुणीतरी सांगतं आणि आई डबा कपाटात ठेवून देते. ठरावीक काळानं रक्ततपासणी लागते, ती चाळीस किलोमीटरवर. एखाद्या महिन्यात केंद्रावर साठा नसतो, दोन महिने खंड पडतो, गॅमा पुन्हा आटते, पोराला क्रायसिस येतो आणि घरात ठरतं की औषधाचा उपयोग नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर ते डॉक्टरांशी बोलून थांबवावं लागतं, आणि हे तरुण जोडप्याला कुणी आधी सांगत नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं लक्ष्य. तपासणी जोरात झाली, कार्डं वाटली गेली. पण कार्डावर एसएस लिहून मिळालेल्या मुलाच्या घरी कॅप्सूल दर महिन्याला पोचते का, हे मला तपासणीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

नवीन ते सगळं चांगलंच, असंही समजू नये. व्होक्सेलोटर नावाची गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिनं हिमोग्लोबिनचा आकडा वाढायचा, म्हणून मोठा गाजावाजा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनंच ती जगभरातून परत घेतली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यूंचं पारडं जड दिसू लागलं होतं. कागदावरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नाही.

जनुक-उपचार उद्या स्वस्त झाला, तरी तो झिजलेला खुबा परत देत नाही, पक्षाघातानं गेलेला मेंदूचा भाग परत देत नाही. त्या दिवसापर्यंत शरीर शाबूत राखणं हे आजचं काम आहे आणि त्याची साधनं साधी आहेत: हायड्रॉक्सीयुरिया, पाणी, लसी, आणि लहान वयात पेनिसिलिन. पेनिसिलिन एवढ्यासाठी की या मुलांची पानथरी, म्हणजे प्लीहा, नीट काम करत नाही आणि न्यूमोकोकस जंतू एका रात्रीत जीव घेतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलिननं हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. ताप आला की सकाळपर्यंत थांबायचं नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

पानथरीचा आणखी एक धोका असतो. कधी कधी पेशी तिच्यात एकदम अडकतात, काही तासांत ती फुगते, अंगातलं रक्त तिथेच साचतं आणि मूल पांढरंफटक पडतं. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि सहकाऱ्यांनी आयांनाच पोट चाचपायला शिकवलं. वाढलेली पानथरी आया वेळेत ओळखू लागल्या आणि या प्रकारानं होणारे बालमृत्यू खूप कमी झाले. त्याला यंत्र लागलं नाही.

त्या दिवशी शिबिरात सिस्टरनी मुलीच्या कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली. जिल्ह्याच्या ठिकाणी टाचेतल्या रक्तावर आधीही तपासणी होऊ शकते, तिथलं नाव-पत्ता लिहून दिलं. मग मुलाला टेबलावर निजवलं, आईचा उजवा हात धरून तिची बोटं त्याच्या डाव्या बरगडीखाली ठेवली. "जोरात नाही. तो श्वास घेईल तेव्हा बोटाला काही लागतं का बघ." पोरगा गुदगुल्या होऊन हसायला लागला. आईनं पुन्हा बोटं ठेवली, डोळे मिटले. "लागते," ती म्हणाली. सिस्टरनी पेनानं तिथे बारीक रेघ मारली. "ही आजची. रोज बघायची. रेघेच्या खाली गेली आणि पोरगं गळून गेलं, तर रात्र असो की पाऊस, गाडी करून यायचं."